मूस, तेजाब आणि विट्याची माणसं

केरळातलं त्रिशूर हे दागिने घडवणाऱ्यांचं शहर. तिथल्या सराफी पेठेत घडणावळीतून उरलेला कीस, मोडीत आलेले दागिने, पॉलिशच्या पाण्यात उतरलेले कण असं सगळं पुन्हा चोख सोन्यात आणून देणारी छोटी छोटी दुकानं आहेत. त्यांतला मालक गिऱ्हाइकाशी अस्खलित मल्याळम बोलतो आणि भट्टीवरच्या पोराला हाक मात्र मराठीत मारतो. गाव विचारलं तर विटा. नाहीतर खानापूर, आटपाडी, किंवा साताऱ्याच्या बाजूचं खटाव, माण. कोझिकोड, कोइमतूर, हैदराबाद, कोलकाता, दिल्ली, थेट नेपाळपर्यंत हेच उत्तर मिळत जातं. ज्या तालुक्यात सोन्याची खाण नाही आणि मोठी सराफी पेठही कधी नव्हती, त्या तालुक्याची माणसं देशभरचं जुनं सोनं गाळत बसली आहेत.

हा धंदा गलाईचा. मोडीचं सोनं वितळवायचं, त्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढायचा, त्यातली चांदी, तांबं, जस्त, डाग लावताना पडलेली भेसळ वेगळी करायची आणि सराफाला किंवा सोनाराला शुद्ध सोनं परत द्यायचं. दागिना घडवणाऱ्या हाताचं कौतुक होतं, विकणाऱ्या पेढीचं नाव होतं. मधला गलाईवाला कुणाला दिसत नाही. पण जुन्या पाटल्या मोडून नवं मंगळसूत्र करणाऱ्या प्रत्येक घराचं सोनं कुठेतरी अशाच एखाद्या भट्टीतून गेलेलं असतं.

विट्याची माणसं याच धंद्यात का शिरली, याचं पहिलं उत्तर आकाशात आहे. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सव्वाशे किलोमीटरांच्या आत असलेल्या विट्याच्या माळाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर मिळतो, आणि तोही दरवर्षी मिळेल याची खात्री नाही. येरळा नदी खटावात उगम पावून ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. हा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. जिल्ह्याचं नाव बदललं तरी पाऊस बदलला नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, लगेच १८९९-१९०० चा, आणि आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असलेला १९७२ चा. प्रत्येक दुष्काळाने घरातला एखादा तरुण बाहेर काढला.

सातारा-सांगलीचे हजारो लोक मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यावर कथा, कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे झाले. खानापूरच्या माळावरून गलाईसाठी निघालेल्या माणसांच्या वाट्याला असं काही आलं नाही. ती एका शहरात एकवटली नाहीत, त्यांची चाळ झाली नाही, युनियन झाली नाही. एक नातेवाईक एका अनोळखी शहरात गेला, तिथल्या सराफ कट्ट्याच्या आडोशाला खोली घेतली, पुढच्या वर्षी पुतण्याला नेलं, पुतण्याने मेहुण्याला. शिकाऊ पोरगा आधी कोळसा फोडायचा, भाता मारायचा, भांडी धुवायचा. मग मूस धरायला शिकायचा. पाच-सहा वर्षांत नजर तयार झाली की दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान टाकायचा. धंद्याला भांडवल थोडं लागे. शेगडी, मूस, सांडस, कसोटीचा दगड, तराजू, टाकणखार, तेजाबाची बरणी. खरं भांडवल विश्वासाचं. दुसऱ्याचं सोनं रात्रभर आपल्या खोलीत ठेवून सकाळी तोलून परत द्यायचं, हे परक्या शहरात, परक्या भाषेत करणं सोपं नव्हतं.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ही माणसं जन्माने सोनार नव्हती. बहुतेक घरं कोरडवाहू शेतकऱ्यांची होती. वंशपरंपरेने न आलेली कला इतक्या लोकांनी इतक्या थोड्या काळात आत्मसात करावी, ही आपल्याकडच्या कारागिरीच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे आणि तिची नोंद तेवढीच मोठी व्हायला हवी होती.

सोनं शुद्ध करण्याची कला अर्थात विट्याहून फार जुनी. लिडियाच्या सार्डिस शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सोन्यातून चांदी वेगळी करणाऱ्या भट्ट्या होत्या; उत्खननात त्या सापडल्या आहेत. तिथे मीठ वापरत. सोन्याचे पातळ पत्रे मिठात थरावर थर रचून मंद आचेवर तापवले की चांदी मिठाशी संयोग पावून बाहेर पडे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यात सोन्याच्या सोळा वर्णांची प्रत, कसोटीवर रेघ ओढून पारख आणि शिसं घालून धातू शुद्ध करण्याची रीत दिली आहे. अकबराच्या टांकसाळीत काय चाले ते अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत बारकाईने लिहून ठेवलं. सोन्याचे पत्रे धुवायचे, सोरा आणि कच्च्या विटांची पूड यांचा लेप द्यायचा, थर रचून शेणीच्या आचेत ठेवायचे, राख झाली की काढून धुवायचे आणि पुन्हा तेच. उरलेली राखसुद्धा टाकायची नाही, कारण चांदी तिच्यात उतरलेली असते.

राख न टाकण्याचं हे शहाणपण महाराष्ट्रातही होतं. सोनाराच्या दुकानातला केर, शेगडीतली राख, अगदी दारातल्या मोरीचा गाळ विकत घेऊन तो धुणारे झारेकरी गावोगाव फिरत. पाण्यात चाळून हलकी माती वाहू द्यायची, जड कण तळाशी धरायचे, पाऱ्याने ते गोळा करायचे. सोन्याची घनता पाण्याच्या एकोणीस पटींहून जास्त, त्यामुळे ते तळाशी बसतंच. आजचा गलाईवाला वर्षअखेरीला सराफाच्या दुकानातल्या सतरंज्या आणि पायपुसणी जाळून त्यातून सोनं काढतो, तो याच झारेकऱ्यांचा वारसा.

पण विट्याच्या गलाईचा कणा म्हणजे तेजाब, नायट्रिक आम्ल. युरोपात ते तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास माहीत झालं आणि त्याने सोन्या-चांदीचा घटस्फोट सोपा केला. मिठाच्या भट्टीला दिवस लागत, तेजाबाला तास. पुढे सोऱ्यापासून ते काढण्याची जुनी रीत मागे पडली, विल्हेल्म ऑस्टवाल्डने १९०२ मध्ये अमोनियापासून नायट्रिक आम्ल बनवण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि विसाव्या शतकात हे आम्ल कारखान्यांतून भरपूर बाहेर पडू लागलं. छोट्या शहरातल्या छोट्या खोलीत बसून एकट्या माणसाला सोनं शुद्ध करता यावं, याला ही गोष्टही कारण आहे.

तेजाब चांदी खातं, तांबं खातं, सोन्याला हात लावत नाही. एवढं वाक्य शाळेतही शिकवतात. भट्टीवर मात्र एवढ्यावर भागत नाही. बावीस कॅरटची बांगडी घ्या आणि तेजाबात उकळा. काही होत नाही. तिच्यात चांदी-तांबं आहे, तेजाब त्यांचं वैरी आहे, तरीही बांगडी जशीच्या तशी. कारण भेसळीचे अणू सोन्याच्या अणूंच्या गराड्यात अडकलेले असतात. वरवरची चांदी निघून जाते, मग मागे सोन्याचाच थर उरतो आणि तो आतल्या चांदीला झाकून टाकतो.

म्हणून गलाईवाला नवशिक्याला वेड्यासारखं वाटेल असं काम करतो. सोनं शुद्ध करण्यासाठी तो आधी ते अशुद्ध करतो. दहा ग्रॅम बावीस कॅरटच्या दागिन्यात ९.१६ ग्रॅम सोनं असतं. त्यात जवळजवळ सत्तावीस ग्रॅम चांदी घालून सगळं एकत्र वितळवलं की सोनं एकूण वजनाच्या एक चतुर्थांश होतं. चांदीऐवजी तांबंही चालतं, आणि स्वस्त पडतं म्हणून अनेक जण तेच घालतात. हा रस उंचावरून पाण्यात ओतला की त्याचे पोकळ, वेडेवाकडे दाणे होतात. ते दाणे काचेच्या भांड्यात घालून वर तेजाब ओतायचं आणि आच द्यायची. तांबडा-तपकिरी धूर उठतो, द्रावण निळं-हिरवं होतं, उकळी शांत झाली की द्रावण निथळून काढायचं आणि ताजं तेजाब घालून पुन्हा उकळायचं. शेवटी भांड्याच्या तळाशी उरतो तो मातकट तपकिरी चुरा. नवख्या माणसाला तो गाळ वाटेल. गरम पाण्याने धुऊन, वाळवून, मुशीत टाकणखारासोबत हजार अंशांच्या वर तापवला की १०६४ अंश सेल्सियसला तो वितळतो आणि थंड झाल्यावर पिवळाधमक होऊन बाहेर येतो.

चांदी वाया गेलेली नसते. निथळलेल्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की तांबं विरघळत जातं आणि चांदी राखाडी कापसासारखी पट्टीवर जमते. ती काढून घेतली की उरलेल्या निळ्या पाण्यात भंगार लोखंड टाकायचं; लोखंड विरघळतं, तांबं खाली बसतं. आणखी शुद्ध सोनं हवं असेल तर आम्लराज वापरायचं, म्हणजे मिठाचं आम्ल तीन भाग आणि नायट्रिक एक भाग. त्यात खुद्द सोनंच विरघळतं आणि मग हिराकस घालून ते खाली बसवतात. कोणता धातू कोणाला हुसकावून लावतो याची ही सगळी उतरंड चौथी-पाचवी शिकलेल्या माणसांच्या बोटांवर होती.

एक चतुर्थांशाचा हा नियम का चालतो, याचं पुरतं उत्तर विज्ञानाला अलीकडे मिळालं. १९६७ मध्ये पिकरिंग आणि वॅग्नर यांनी मिश्रधातूतला एक धातू निवडून विरघळण्याच्या क्रियेचा अभ्यास मांडला. १९७९ मध्ये फोर्टी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की तेजाबातून निघालेलं सोनं म्हणजे नुसती पूड नसते, त्यात बोगद्यांचं जाळं असतं. २००१ मध्ये एर्लेबाखर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये त्याचं गणित मांडलं. चांदीचा एक अणू निघून गेला की शेजारचे सोन्याचे अणू उघडे पडतात, पृष्ठभागावर सरकत एकमेकांपाशी गोळा होतात, त्यांच्या हलण्याने खालची चांदी उघडी पडते, आम्ल आणखी आत शिरतं. चांदीचे अणू साधारण निम्म्याहून बरेच कमी झाले तर हे बोगदे एकमेकांना जोडलेच जात नाहीत आणि आम्ल दारातच थांबतं. बोगद्यांची रुंदी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. तपकिरी चुऱ्यात सोनं सोन्यासारखं चमकत नाही ते याच जाळ्यामुळे. आज असं सच्छिद्र सोनं प्रयोगशाळांत मुद्दाम बनवतात, त्यावर शोधनिबंध लिहितात. खानापूर तालुक्याच्या माणसांनी ते रोज बनवून रोज वितळवलं आहे.

इथे थोडं आडवळण घ्यायला हवं, कारण हीच क्रिया दुसऱ्या एका धातूच्या जिवावर उठते. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना आढळलं की ॲल्युमिनियममध्ये चारेक टक्के तांबं आणि किंचित मॅग्नेशियम घालून ते तापवून एकदम थंड केलं, तर पुढच्या काही दिवसांत ते आपोआप कठीण होत जातं. विमानाचं युग या शोधावर उभं राहिलं. पण तांब्याने बळ दिलं तसा एक रोगही दिला. या मिश्रधातूत ॲल्युमिनियम, तांबं आणि मॅग्नेशियम यांचे सूक्ष्म कण तयार होतात. खारं पाणी लागलं की त्या कणांतलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम आधी निघून जातं आणि मागे तांब्याची जाळी उरते. गलाईच्या भांड्यात चांदी जाऊन सोन्याची जाळी उरते, अगदी तसंच. ही तांब्याची जाळी मग आजूबाजूच्या ॲल्युमिनियमला कुरतडायला लावते आणि पत्र्याला बारीक खड्डा पडतो.

खड्डा पडला की आम्लतेची पाळी येते. एरवी ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो आणि साधारण चार ते साडेआठ पीएचच्या दरम्यान तो टिकून राहतो. पीएच त्याखाली गेला, म्हणजे आम्ल वाढलं, की पापुद्रा विरघळतो. खड्ड्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम पाण्याशी क्रिया करून आम्ल बनवतं. खड्ड्याचं तोंड अरुंद, त्यामुळे ते आम्ल बाहेर पडत नाही. बाहेरचं पाणी साधं असलं तरी आतला पीएच तीन-चारापर्यंत उतरतो. म्हणजे पत्रा स्वतःच आम्ल तयार करतो आणि स्वतःलाच खातो. बाहेरून सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसतं. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत आकाशातच उडून गेलं आणि एका हवाईसुंदरीचा मृत्यू झाला. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उडणाऱ्या त्या विमानाच्या पत्र्यांच्या जोडात गंज शिरला होता आणि वारंवार पडणाऱ्या ताणाने रिबिटांपाशी भेगा गेल्या होत्या. घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचं सार किंवा ताक रात्रभर ठेवू नये असं आई-आजी सांगतात, त्यामागेही आम्ल आणि पापुद्र्याचंच भांडण आहे.

तेजाबाची आणखी एक गंमत अशी की पातळ नायट्रिक आम्ल ॲल्युमिनियमला खातं, पण अतितीव्र नायट्रिक आम्ल साठवायला ॲल्युमिनियमच्याच टाक्या वापरतात. तीव्र आम्ल पापुद्रा फोडण्याऐवजी तो आणखी पक्का करतं. कोणतं आम्ल, किती तीव्र, कोणत्या धातूसमोर, धातूत सोबती कोण आणि किती, यावर सगळं ठरतं. अभियंता हे आलेखांवरून ओळखतो. गलाईवाल्याने ते धुराच्या रंगावरून आणि उकळीच्या आवाजावरून ओळखलं.

पुन्हा विट्याकडे. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण भासली आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणलं. चौदा कॅरटपेक्षा चोख दागिना घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांच्या घरच्या चुली विझल्या, कित्येकांनी जीव दिला. चौदा कॅरटची अट पुढे गेली, पण १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रण कायदाच झाला आणि सोन्याचा व्यापार, घडणावळ, शुद्धीकरण सगळं परवान्याच्या जाळ्यात आलं. परमुलखातल्या एका खोलीत भट्टी लावून बसलेल्या माणसासाठी हा काळ फार कठीण. परवाना नाही म्हणून गुन्हेगार ठरायचं आणि परवाना मिळवायला ना भाषा ना ओळख. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना पाच किलोपर्यंत सोनं आणण्याची मुभा मिळाली, १९९७ मध्ये बँकांना आयातीची वाट खुली झाली. आखाती पैशाने केरळच्या सराफी पेठा भरल्या. विट्याच्या आसपासच्या दुष्काळी गावांत माळावर एकदम दुमजली बंगले दिसू लागले ते याच वर्षांत. जत्रेला, यात्रेला परराज्यांच्या पाट्या लावलेल्या गाड्या येतात, देवळांच्या जीर्णोद्धाराच्या फलकावर देणगीदारांसमोर तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेशातल्या शहरांची नावं असतात, लग्नं जुळतात, आणि आठ-दहा दिवसांत गाव पुन्हा म्हाताऱ्यांचं होतं.

या समृद्धीची किंमत कुणी दिली, ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. तेजाबातून उठणारा तो तांबडा धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो नाकात झोंबतो, खोकला येतो, थोड्या वेळाने बरं वाटतं आणि माणूस पुन्हा कामाला बसतो. फुप्फुसात पाणी भरायला सुरुवात होते ती कधीकधी कित्येक तासांनी. दहा बाय दहाची खोली, एक पंखा, खिडकीत धुराडं असलं तर असलं, रात्री त्याच खोलीत झोप. यात शिशाची वाफ आली, पारा आला. नव्वदच्या दशकात सोनारांनी डाग लावायला कॅडमियम वापरायला सुरुवात केली आणि 'केडीएम' दागिन्यांची लाट आली. डाग सुबक बसतो, टंच घसरत नाही, म्हणून गिऱ्हाईक खूश. कॅडमियम ७६७ अंशांवर उकळतं. सोनं वितळायला त्याच्याही तीनशे अंश पुढे जावं लागतं. म्हणजे केडीएमचा प्रत्येक दागिना मोडीत आला की त्यातलं कॅडमियम वाफ होऊन भट्टीसमोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येणारच. मूत्रपिंडं आणि फुप्फुसं निकामी करणारं हे विष आहे. भारतीय मानक ब्युरोने पुढे केडीएमवर बंदी घातली. त्या वर्षांत गलाईच्या भट्ट्यांवर वाढलेली पोरं आज पन्नाशीत आहेत. त्यांच्या आरोग्याची पद्धतशीर तपासणी व्हायला हवी, आणि ती त्यांच्या गावातच, यात्रेच्या दिवसांत, सहज करता येईल.

शहरांचा रागही समजण्यासारखा आहे. दाट वस्तीत तेजाबाचा धूर कुणाला नको असतो. मुंबईत काळबादेवी-झवेरी बाजार परिसरातल्या सोनं गाळणाऱ्या कारखान्यांची धुराडी महापालिकेने उतरवली. निळं-हिरवं पाणी गटारात सोडलं तर त्यातलं तांबं आणि आम्ल नदीपर्यंत जातं, हे खरं आहे आणि त्याचं समर्थन कुणी करू नये. धूर चुन्याच्या किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून नेऊन निववता येतो. अनेक गलाईवाल्यांनी तशी यंत्रं बसवलीही आहेत. त्यांना हाकलण्याऐवजी एका छपराखाली धूर शुद्ध करणारी सामाईक यंत्रणा उभारून देणं जास्त शहाणपणाचं ठरेल.

पोलिसांचा जाच वेगळाच. चोराने विकलेला दागिना सराफाकडून भट्टीत आला आणि वितळला, की चोरीचा माल घेतल्याच्या कलमाखाली गलाईवाला सापडतो. वितळलेल्या सोन्याला ना मालकाचं नाव असतं ना चेहरा. परराज्यात, परक्या भाषेत आपली बाजू मांडणं किती अवघड, हे ज्याच्यावर गुदरलं त्यालाच माहीत.

गेल्या काही वर्षांत धंद्याचं रूप झपाट्याने पालटलं आहे. नोटाबंदीचा फटका बसला, पाठोपाठ वस्तू-सेवा कर आला. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. क्ष-किरणांचं यंत्र अर्ध्या मिनिटात टंच सांगतं, तिथे कसोटीच्या दगडावर तयार झालेली नजर मागे पडते. शुद्धीकरणातही मोठे कारखाने आले. १८६७ मध्ये फ्रान्सिस मिलरने पेटंट घेतलेली क्लोरीनची रीत आणि १८७४ मध्ये हॅम्बुर्गच्या एमिल वोलविल यांनी शोधलेली विजेची रीत यांवर जगातल्या बड्या शुद्धीकरणशाळा चालतात, आणि हरियाणातल्या एमएमटीसी-पॅम्पसारखा कारखाना आता भारतातही आहे. तरीही पाच-पन्नास ग्रॅम घेऊन आलेल्या सोनाराला संध्याकाळच्या आत सोनं मोकळं करून देणारा माणूस पेठेत लागतोच, आणि तो अजून विट्याकडचाच आहे.

इकडे माळावरही बदल झाला. ऐंशीच्या दशकात मुक्तिसंघर्षाच्या चळवळीतून येरळेवर बलवडीजवळ लोकांनी स्वतः बळीराजा स्मृती धरण उभं केलं, नदीतली वाळू कोणाची आणि पाणी कोणाचं हा प्रश्न विचारला. नंतर टेंभू योजनेने कराडजवळून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर-आटपाडीच्या शिवारात आणलं. द्राक्षं, डाळिंबं, ऊस उभा राहिला. २०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद करून गावी परतलेल्यांपैकी काही जण शेतात रमले. ज्या कारणाने घर सोडलं ते कारणच आता काही गावांत उरलं नाही. पुढची पिढी इंजिनिअरिंग, वैद्यकी, स्पर्धा परीक्षा यांच्या मागे आहे आणि बापाच्या हाताला लागलेला तेजाबाचा पिवळा डाग आपल्या हाताला नको म्हणते. त्यात चूक काही नाही.

पण त्यामुळेच वेळ थोडा आहे. सुवर्णनियंत्रणाचे सुरुवातीचे दिवस स्वतः भोगलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. कोणत्या गावची माणसं कोणत्या शहरात पहिल्यांदा गेली, कोणाच्या हाताखाली शिकली, किती चांदी घालायची हे कोणी कसं ठरवलं, हे त्यांच्यासोबत जाईल. विट्याच्या बळवंत कॉलेजसारख्या संस्थांनी इतिहास आणि रसायनशास्त्र या दोन्ही विभागांची मुलं एकत्र घेऊन या घरांत जावं, मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. नगरपालिकेने एक खोली द्यावी. आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांची कसोटी, फुटकी मूस, जुना परवाना, परगावच्या हिशेबाच्या वह्या किंवा मनीऑर्डरच्या पावत्या पडून असतील, त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. त्या या खोलीत आणून ठेवाव्यात.